व्हिसेऱ्यांचा ढीग वारशाने मिळाला आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे अधिकारी आजवर दारूबंदी विभागात होते. बदलीने एका प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आले आणि विषशास्त्र विभागाचा कार्यभार अंगावर पडला. व्हिसेऱ्यांच्या, म्हणजे विष तपासण्यासाठी मृतदेहातून काढून पाठवलेल्या अवयवांच्या, प्रलंबित प्रकरणांचा ढीग आहे, मंजूर जागांपैकी बऱ्याच रिकाम्या आहेत, विषे ओळखणारे एक जीसी-एमएस यंत्र बंद आहे, पोलीस ठाण्यांचे फोन दिवसभर चालू असतात आणि वरून विचारणा एकच, ‘या महिन्यात किती निकाली?’ आधी ढीग उपसू, यंत्रासाठी भांडू की माणसांसाठी, असे त्यांनी विचारले आहे. माझी बहुतेक नोकरी याच विभागात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ढिगाचा आकडा तुम्हाला रोज छळणार, पण तो फसवा आहे. पहिल्या आठवड्यात प्रलंबित प्रकरणांची नोंदवही घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीपुढे ते प्रकरण कशापायी थांबले आहे ते लिहा. ‘विश्लेषण व्हायचे आहे’ हे उत्तर तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी ठिकाणी येईल. कुठे पीएमची (शवविच्छेदनाची) प्रत आलेली नाही. कुठे बरणीवरचे नाव आणि पत्रातले नाव जुळत नाही म्हणून पोलिसांना पत्र टाकले आणि त्याचे उत्तर आलेच नाही. कुठे विश्लेषण कधीच झाले आहे, पण दुसऱ्या सहीसाठी फाइल पडून आहे. कुठे काम करणारा माणूस बदलून गेला आणि त्याची वर्कशीट (विश्लेषणाची नोंद) अर्धवट राहिली. ही सगळी वेगवेगळी दुखणी एका आकड्यात कोंबली जातात आणि वर पाठवली जातात.

माझे मत आधीच सांगून टाकते. विभागप्रमुखाचा ताबा दोन ठिकाणी हवा: खिडकीतून आत काय येते यावर, आणि सही होऊन बाहेर काय जाते यावर. मधले काम तुमचे विश्लेषक तुमच्यापेक्षा चांगले करतील, त्यांना करू द्या. तुम्ही दिवसभर एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे नमुन्यातून विष वेगळे काढण्याच्या, टेबलापाशी उभे राहिलात तर ही दोन्ही दारे मोकाट राहतील.

आता यातले किती जमेल हे परिस्थितीवर आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातली प्रयोगशाळा असेल तर तुमच्याकडे कीटकनाशकांचा पूर असणार. शहराजवळ असाल तर झोपेच्या गोळ्या, दारू आणि रुग्णालयात दाखल होऊन दगावलेल्यांचे व्हिसेरे जास्त. रक्तातल्या अल्कोहोलचे काम तुमच्याच विभागात आहे की वेगळ्या, एलसी-एमएससारखे सूक्ष्म मात्रा पकडणारे यंत्र आहे की फक्त टीएलसी (प्लेटवर डाग पाडून छाननी) आणि जीसी, कंत्राटी विश्लेषकांना सहीचा अधिकार आहे की नाही, यावर वेळापत्रक बदलते. पण आवक आणि जावक या दोन दारांचे गणित सगळीकडे सारखेच चालते.

आधी आवक. मुद्देमाल स्वीकारण्याच्या खिडकीवर बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवखा माणूस बसवलेला असतो, कारण ते ‘कारकुनी’ काम समजले जाते. तिथे दिवसातले पहिले दोन तास तुमचा अनुभवी वैज्ञानिक सहायक बसवा. तालुक्याच्या ठाण्यातून पहाटेची एसटी पकडून आलेला हवालदार खोका पुढे सरकवतो. आत दोन बरण्या, एकीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंडांचे भाग, आणि एक रक्ताची कुपी. झाकण नीट बसले नसेल तर मिठाचे पाणी झिरपून लेबलावरची शाई पसरलेली असते आणि नाव वाचताच येत नाही. लाखेची सीले असतात, पण त्यांचा नमुना कागदावर उठवून पाठवलेला नसतो. पत्रात ‘तीन बरण्या’ आणि खोक्यात दोन.

हे सगळे त्या हवालदाराच्या समोर, तो परतीच्या गाडीला लागण्याआधी, दहा मिनिटांत सुटू शकते. तो गेल्यावर त्याच गोष्टीला पत्र, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र असे महिने लागतात. पण नुसते परत पाठवू नका. परत पाठवलेला व्हिसेरा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, विनाफ्रिज, उन्हाळ्यात पडून राहतो आणि पुन्हा येतो तेव्हा त्याचे काही उरलेले नसते. माझा नियम असा होता: सील तुटलेले किंवा ओळखच पटत नसेल तर परत, बाकी त्रुटी असतील तर माल घ्यायचा, त्रुटी पावतीवर लिहायची, हवालदाराची सही घ्यायची आणि तपासी अंमलदाराला तिथूनच फोन लावायचा.

जतनाचे द्रव्य हा दुसरा कायमचा घोळ. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात यायला हवा, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतके मीठ. ग्रामीण रुग्णालयात घाईत मूठभर मीठ टाकून नळाचे पाणी ओतले जाते आणि यकृताचा लगदा होऊन येतो. त्याहून वाईट म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासण्याच्या) बरणीशी अदलाबदल होऊन फॉर्मॅलिनमध्ये आलेला व्हिसेरा. त्यात सायनाइडसारख्या विषांची आशा सोडावी लागते. तीव्र आम्ल किंवा बचनागाचा संशय असेल तर मीठ चालत नाही, स्पिरिट लागते. आणि दारूचा संशय असेल तर स्पिरिट चालत नाही, हे उघड आहे, तरीही घडते. रक्ताच्या कुपीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट हवे. ज्या द्रावणात जतन केले त्याचाही नमुना वेगळ्या बाटलीत मागा. तो बहुतेक वेळा येत नाही, आणि न्यायालयात बचावाचा वकील नेमका त्याच्यावरच बोट ठेवतो.

यावर पत्रे पाठवून फारसे काही होत नाही. जिल्ह्यातल्या पीएम करणाऱ्या डॉक्टरांना आणि ठाण्यांच्या मुद्देमाल कारकुनांना अर्धा दिवस प्रयोगशाळेत बोलवा आणि खराब आलेल्या बरण्या दाखवा. वास आला की व्याख्यानाची गरज उरत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोलून हे वर्षातून एकदा लावून घेतलेत, तर खिडकीवरच्या त्रुटी डोळ्यांदेखत कमी होतात.

आता कागद, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या माणसाला याचे महत्त्व उशिरा कळते. व्हिसेऱ्याबरोबर पीएम अहवाल आणि मरणोत्तर पंचनामा येतो, पण उपचाराचे कागद क्वचितच येतात. समजा एक शेतमजूर फवारणीचे औषध पिऊन दाखल झाला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचे कीटकनाशक म्हणून त्याला अॅट्रोपिन या उताऱ्यावर ठेवले, पोट धुतले, चार दिवसांनी तो गेला. व्हिसेऱ्यात कीटकनाशक सापडत नाही, कारण ते शरीराने तोवर फोडून टाकले किंवा पोट धुताना गेले. सापडते ते अॅट्रोपिन. उपचाराचे कागद समोर नसतील तर तुमचा प्रामाणिक विश्लेषक ‘अॅट्रोपिन आढळले’ असे लिहील आणि तपासी अंमलदाराच्या डोक्यात धोतऱ्याचे बी येईल, कारण धोतऱ्यातही तेच अल्कलॉइड आहे. एका ओळीमुळे घरातल्या कुणाकडे तरी संशयाची सुई वळते. म्हणून दाखल होऊन मृत्यू झाला असेल तर केसपेपरची प्रत आल्याशिवाय अहवाल बाहेर काढायचा नाही, हा नियम लेखी करा.

तशाच प्रकरणात खरी किंमत असते ती पहिल्या पोट धुतलेल्या पाण्याला आणि दाखल झाल्या वेळच्या रक्ताला. रुग्णालयात ते नमुने बहुतेक वेळा टाकून दिले जातात. ‘पहिले लॅव्हाज जपून ठेवा, सील करून पोलिसांकडे द्या’ एवढे एक वाक्य तुमच्या भागातल्या मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागात भिंतीवर लागले, तर तुमच्या निम्म्या अवघड प्रकरणांची उत्तरे व्हिसेरा येण्याआधीच मिळतील.

यवतमाळचे २०१७ आठवा. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे विष प्यायलेले नव्हते. विष कातडीवाटे आणि श्वासावाटे शरीरात गेले होते. अशा मृत्यूत जठरात काही सापडेल ही अपेक्षाच चुकीची. तिथे जिवंतपणी घेतलेल्या रक्तातली कोलिनेस्टरेजची (ऑर्गॅनोफॉस्फेट ज्याला निकामी करते त्या विकराची) पातळी जे सांगते ते मरणानंतरचा यकृताचा तुकडा सांगत नाही. म्हणजे काय पाठवायचे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या चुकीचा भार शेवटी तुमच्या अहवालावर पडतो.

इथून जावकीकडे वळते. तुमच्या विभागातून सगळ्यात जास्त बाहेर पडणारे वाक्य कोणते? ‘जनरल अँड स्पेसिफिक केमिकल टेस्टिंग डज नॉट रिव्हील एनी पॉयझन.’ पिढ्यान्‌पिढ्या हे छापील वाक्य चालत आले आहे. पोलीस त्याचा अर्थ ‘विष नव्हते’ असा घेतात, नातेवाईक ‘प्रकरण दाबले’ असा घेतात आणि डॉक्टर ‘मृत्यूचे कारण आता मी काय लिहू’ असे विचारतात. त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच, की आमच्याकडे आलेल्या या नमुन्यांत, आम्ही ज्या विषांसाठी पाहिले, त्यांतले काही आमच्या पद्धतीच्या आवाक्यात सापडले नाही.

त्या आवाक्याबाहेर बरेच काही आहे. सर्पविष नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये दिसत नाही, तरी ‘सर्पदंश?’ असे प्रश्नचिन्ह टाकून व्हिसेरे येतच राहतात. गुंजेतले विष हे प्रथिन आहे, ते सेंद्रिय द्रावकात उतरतच नाही. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांतली हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडे रक्तात इतकी थोडी असतात की एलसी-एमएसशिवाय त्यांच्यामागे लागणे म्हणजे वेळ घालवणे. इन्सुलिनचे तर बोलायलाच नको. कळलावीचा कंद खाल्ला असेल तर कोल्चिसिन शोधावे लागते, आणि कुणी सांगितल्याशिवाय ते कुणी शोधत नाही. म्हणून अहवालात कोणत्या गटांसाठी आणि कोणत्या पद्धतीने तपासले हे दोन ओळींत लिहिण्याची पद्धत पाडा. अहवालाचा नमुना मुख्यालयातून ठरतो, त्यामुळे तो परस्पर बदलता येणार नाही. पण वर्कशीटमध्ये हे सक्तीचे करणे तुमच्या हातात आहे, आणि मुख्यालयाला प्रस्ताव पाठवणेही.

या वाक्याचे वजन कळायला पुण्याचे दोन खटले तुमच्या विश्लेषकांना जरूर सांगा. पहिला १९५६ चा. लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा बाई आपल्या डॉक्टरबरोबर, अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर, रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला निघाल्या आणि सकाळी जी. टी. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात कोणतेही विष सापडले नाही. तरीही पुढे बाईंच्या नावाने लिहिलेली खोटी पत्रे, हडपलेली मालमत्ता आणि डॉक्टरचे आधीचे-नंतरचे वागणे यांवरून विषप्रयोग सिद्ध झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम ठेवली. दुसरा १९८४ च्या निकालाचा, शरद बिरदीचंद सारडा खटला. तिथे पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला याबद्दल वाद नव्हता, तरी आरोपी सुटला. विषाने मृत्यू झाला एवढे पुरत नाही; हेतू, आरोपीच्या ताब्यात विष असणे आणि ते देण्याची संधी हेही सिद्ध व्हावे लागते, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे एकात आमचा अहवाल नकारार्थी असून शिक्षा झाली, दुसऱ्यात विष निर्विवाद असून सुटका. माझ्या नव्या सहकाऱ्यांना हे कळले की दोन गोष्टी आपोआप व्हायच्या. ‘सापडलेच पाहिजे’ ही धास्ती जायची आणि शंकास्पद डागाला ‘आढळले’ म्हणण्याचा मोह कमी व्हायचा. मृत्यूचे कारण सांगणे आपले काम नाही, ते पीएम करणाऱ्या डॉक्टरांचे. आपण काय पाहिले तेवढे नेमके लिहायचे.

बरणी उघडण्याचा क्षण हा सगळ्यात जास्त गफलतीचा, म्हणून त्याबद्दल एक गोष्ट जवळून सांगते. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खाल्लेल्या असतील तर शोधायचा असतो फॉस्फिन वायू, आणि तो बरणी उघडल्याबरोबर निसटतो. घाईत टेबलावर झाकण काढले की पुरावाही गेला आणि विश्लेषकाच्या नाकातही गेला. बरणी फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडायची, आणि उघडताना तोंडावर दोन ओल्या पट्ट्या धरायच्या, एक सिल्व्हर नायट्रेटची, दुसरी लेड अॅसिटेटची. कुजलेल्या व्हिसेऱ्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड दोन्ही पट्ट्या काळ्या करतो. फॉस्फिन फक्त सिल्व्हरची काळी करतो. नुसती सिल्व्हर नायट्रेटची पट्टी काळी झाली म्हणून ‘फॉस्फाइड’ लिहिणारे मी पाहिले आहेत. पट्टीचा फोटो काढून वर्कशीटला लावा. आणि उडून जाणारी विषे (दारू, मिथेनॉल, सायनाइड, फॉस्फिन) यांचा भाग आधी बाजूला काढायचा, मगच बाकीचे एक्स्ट्रॅक्शनला घ्यायचे. हा क्रम भिंतीवर लावा, कारण दुपारच्या घाईत तोच पहिला मोडतो.

आतापर्यंतचे गोळा करून सांगायचे तर: खिडकीवर जाणता माणूस, उपचाराचे कागद सक्तीचे, नकारार्थी अहवालाच्या वर्कशीटमध्ये काय पाहिले ते लिहिलेले. हे तिन्ही पहिल्या तिमाहीत एक पैसाही न खर्चता होते. मग ढिगाला हात घाला.

ढीग आलेल्या क्रमाने उपसू नका. आरोपी कोठडीत असेल तर आरोपपत्राला साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत असते, ती प्रकरणे आधी. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत गेलेल्या बाईचा व्हिसेरा, पोलीस कोठडीतला मृत्यू, मुलांचे मृत्यू, हे त्याच रांगेत. दुसरी रांग नाशवंत नमुन्यांची. तिसरी आकस्मिक मृत्यूंची, जिथे गुन्हा नाही; पण ही रांग तळाशी टाकून विसरू नका, कारण त्या घरचा विमा किंवा सानुग्रह अनुदान तुमच्या कागदावाचून तहसील कार्यालयात अडकलेले असते, आणि त्या घरातून कुणी तुम्हाला फोनही करत नाही. दर आठवड्याचा ठरावीक हिस्सा या तिसऱ्या रांगेसाठी राखून ठेवा आणि कितीही दबाव आला तरी मोडू नका.

सामूहिक विषबाधा आली की मात्र सगळ्या रांगा थांबतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. अशा वेळी रुग्णालयात माणसे अजून जिवंत असतात आणि ‘मिथेनॉल आहे का’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना त्याच दिवशी हवे असते. हेडस्पेस जीसीवर (नमुन्यावरची वाफ तपासणाऱ्या यंत्रावर) मिथेनॉलची पद्धत आणि ताजे स्टँडर्ड (तुलनेचा शुद्ध नमुना) कायम तयार असले पाहिजे, कुणाच्या तरी कपाटातल्या वहीत नको.

रक्तातल्या अल्कोहोलचे काम तुमच्याकडे असेल तर ते व्हिसेऱ्यापासून पूर्ण वेगळे चालवा, वेगळी माणसे, वेगळे टेबल. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही दारूबंदीतून आलात. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, दारूबंदी कायद्याची ०.०५ टक्क्याची, आणि १९५९ च्या रक्तचाचणी नियमांप्रमाणे नमुना घेतल्यापासून सात दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. या तारखांवरच कितीतरी खटले सुटतात, म्हणून स्वीकृतीचा शिक्का तारीख-वेळेसह मारा. मृतदेहाच्या बाबतीत एक सावधगिरी: कुजताना शरीरात स्वतःहून अल्कोहोल तयार होते. छातीच्या पोकळीत साचलेल्या रक्तावर आकडा देऊ नका. मांडीच्या शिरेतले रक्त आणि शक्यतो डोळ्यातला द्रव मागा.

निकालीचा आकडा वर पाठवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. पण विभागात त्याच आकड्यावर माणसांची लायकी मोजली की सगळे हुशार लोक सोपी प्रकरणे उचलतात. रक्ताची एक कुपी आणि एकाच घरातल्या पाच जणांच्या जेवणातून झालेल्या विषबाधेचे व्हिसेरे, दोन्ही नोंदवहीत ‘एक’च धरले जातात. आतल्या कामासाठी तुम्ही प्रकरणांना वजन द्या. कोणाच्या वाट्याला काय जाईल हे तुम्ही ठरवा, विश्लेषकांना निवडू देऊ नका. आणि सही करताना दर काही फायलींनंतर एक फाइल मुळापासून तपासा: ब्लँक (विष नसलेला नमुना) चालवला का, स्पाइक केलेल्या (मुद्दाम विष मिसळलेल्या) नमुन्यातून विष परत मिळाले का, वर्कशीटवरची वेळ आणि यंत्राच्या छापील कागदावरची वेळ जुळते का. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे लोक वर्षाकाठी येतात. बचावाचा वकील कधीही येतो.

यंत्र की माणसे? माझे उत्तर स्पष्ट आहे. आधी आहे त्या यंत्राची देखभाल, मग माणसे, नवीन यंत्र शेवटी. बंद जीसी-एमएस बहुतेक वेळा मोठ्या बिघाडाने बंद नसते. करार संपलेला असतो, हेलियमचे सिलिंडर आलेले नसते, किंवा चालवणारा बदलून गेलेला असतो. खरेदीच्या प्रस्तावातच पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार, कॉलम आणि रेफरन्स स्टँडर्ड धरा, नाहीतर मार्चअखेर आलेले यंत्र अर्थिंग नसलेल्या खोलीत आच्छादनाखाली बसते आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहते. प्रत्येक यंत्रावर दोन माणसे तयार करा, एक कायम आणि एक कंत्राटी असे चालेल, पण एकटा कुणी नको. टीएलसीला मात्र तुच्छ लेखू नका. पॅलेडियम क्लोराइड फवारल्यावर गंधकयुक्त ऑर्गॅनोफॉस्फेटचा पिवळसर-तपकिरी डाग प्लेटवर उमटतो, आणि छाननीसाठी ती पद्धत आजही कामाची आहे. त्यावर पुष्टी यंत्राने घ्यायची.

माणसांबद्दल एवढेच, की या विभागातला वास आणि कामाचे स्वरूप सगळ्यांना झेपत नाही. आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाला व्हिसेऱ्यापासून दूर, कागदावर किंवा यंत्रावर बसवा. चांगला एक्झॉस्ट आणि हातमोजे-मास्कचा नियमित पुरवठा यासाठी भांडा, हे भांडण तुम्ही जिंकाल.

साठवण खोलीचा विषय कुणी विचारत नाही. अहवाल गेल्यावर शिल्लक व्हिसेरा पोलिसांनी परत न्यायचा असतो, आणि ते नेत नाहीत. बरण्या साचतात, खोली भरते, नवीन माल कॉरिडॉरमध्ये येतो. अहवालाबरोबरच ‘अमुक मुदतीत घेऊन जा’ हे पत्र पाठवा आणि नवीन मुद्देमाल घेऊन येणाऱ्या हवालदाराच्या हाती त्याच ठाण्याचा जुना माल परत द्या. त्याची रिकामी परत जाणारी गाडी आपल्या कामाची आहे. नाशाचा निर्णय परस्पर घेऊ नका, त्याला लेखी परवानगी लागते.

समन्सची भीती नव्या लोकांना फार असते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ खाली, सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल थेट पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालयाला वाटले तर बोलावते. वर्कशीट स्वच्छ असेल तर जाऊन आलेले बरे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर एक जुना माणूस पाठवा. जे पाहिले ते सांगायचे, ‘घातक मात्रा होती का’ या प्रश्नाला व्हिसेऱ्यातल्या आकड्यावरून उत्तर द्यायचे नाही, एवढे आधी समजावले की पुरते.

राहिला फोनचा त्रास. ठाणी फोन करतात कारण त्यांना प्रकरण कुठे आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. शिवाय २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोशिंदर यादव खटल्यात व्हिसेरा अहवाल न आणण्यावरून तपास यंत्रणा आणि सरकारी वकिलांना चांगलेच सुनावले होते, त्यामुळे त्यांच्याही मानेवर तलवार असते. दर सोमवारी जिल्हावार यादी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला पाठवा: तयार, काम चालू, आणि ‘तुमच्या कागदासाठी थांबले’. तिसऱ्या रकान्यात ठाण्याचे नाव आणि कोणता कागद हवा ते लिहा. महिन्याभरात फोन कमी होतात आणि केसपेपर यायला लागतात, कारण आता त्या रकान्याचे उत्तर अधीक्षकांच्या बैठकीत त्या ठाण्यालाच द्यावे लागते. ही यादी तुमच्या वरिष्ठांनाही पाठवा. ‘किती निकाली’ विचारणाऱ्यांना किती प्रकरणे तुमच्यामुळे अडलेली नाहीत तेही दिसू द्या.